बॅज नसलेला पाहुणा

आता तुमच्यापासून काय लपवायचं! अणुभट्टीच्या दारात माणुसकी दाखवून मी जे करून बसलो, ते मालवणात पोराटोरांनाही ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून ऐका.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्याकडे सहा महिन्यांसाठी एक प्रयोगशाळा आली होती. डोळ्यांवर हेडसेट चढवला की तुम्ही थेट अणुऊर्जा केंद्रात! सगळं खोटं, पण भोंगा वाजला की घाम खरा. तिथे शिकवायचं नाही. मुलांसमोर संकट टाकायचं आणि गप्प बसायचं, उत्तर त्यांनी शोधायचं. मला गप्प बसवणारी जगातली पहिलीच पद्धत!

शेवटी परीक्षक पुण्यात बसूनच हेडसेट घालून येणार होते. त्यांना पटलं तर प्रयोगशाळा कायमची आमची, नाहीतर खोकी परत. मुलं काळजीत. मी त्यांना धीर दिला,

"अरे, मी आसंय मां! दारार मी उभो रवतंय. किरण मोजणारो बॅज नाय, तर आत प्रवेश नाय!"

परीक्षेच्या दिवशी हेडसेट चढवून मी केंद्राच्या दारात उभा राहिलो. तेवढ्यात एक गृहस्थ आले. पांढरा कोट, छातीवर बॅज नाही. परीक्षक साहेबच! आता घरी आलेल्या माणसाला आपण दारात उभं ठेवतो का? सांगा तुम्हीच!

"येवा, येवा! भायर कित्याक उभे?"

"पण माझ्याकडे बॅज नाही..."

"ता मागीर बघूया! गाव खंयचो?"

"दोडामार्ग."

संपलंच! माझ्या मावशीचं सासर! हाताला धरून, बॅजशिवाय ओलांडायची नाही ती पिवळी रेघ ओलांडून, त्यांना थेट भट्टीपर्यंत नेलं.

आणि भोंगा! समोर अक्षरं उमटली: 'बॅज नसलेला माणूस आत शिरला आहे. कसा, ते शोधा.'

साहेबांचा विचार माझ्या मनातही आला नाही. ते तर पाहुणे! गप्प बसायचं विसरून मी गरजलो, "मुळाशी जा! कोणाचीही गय करू नका!"

मुलांनी कुलूप तपासलं. ठीक होतं. मग वर्गातल्या श्रावणीने दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. पडद्यावर मी, एका हाताने दार धरून कमरेत वाकलेला!

"सर, दार उघडूक तुमीच गेल्लास!"

साहेब पोट धरून हसले. कोणी अडवतं का, तेच बघायला ते बॅजशिवाय आले होते. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण अहवालात त्यांनी लिहिलं: 'विद्यार्थ्यांनी कारण अचूक शोधलं. प्रयोगशाळा कायम ठेवावी. सरांना दारावर ठेवू नये.'

आता दारावर श्रावणी असते. परवा मीच बॅज लावायला विसरलो, तर तिने मला बाहेर उभं केलं.

"गो, मी सर मां तुझो!"

"म्हणानच," ती म्हणाली.