गुळाच्या खोलीचा रंग

त्या माणसाचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. उगाच तत्त्वाचा मतभेद वगैरे म्हणणार नाही.

स्वातंत्र्य आलं त्या साली उंब्रजला आम्ही प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग काढायचं ठरवलं. खोली आबांनी दिली. आबा म्हणजे गावातले मोठे ऊसवाले. गुळाच्या ढेपा ठेवायची त्यांची जुनी खोली रिकामी होती. भिंतींवर काकवीचे ओघळ, ओघळांवर मुंगळे. आबा म्हणाले, "आधी खोली माणसात आणा. वर्ग कुणी चालवायचा ते मग बघू."

बघायचं काय त्यात? चळवळीतली पत्रकं मी लिहिली, पोलिसांचा मार मी खाल्ला. वर्गावर हक्क माझा नाही तर कुणाचा? पण तेवढ्यात लष्करातून सुटून एक गडी गावी आला. आम्ही लाठ्या खात होतो तेव्हा हा गोऱ्या साहेबाला सलाम ठोकत होता. पण ताडमाड उंची, चकचकीत बूट, बोलण्यात मधूनच हिंदी. सगळा गाव "हवालदार, हवालदार" करू लागला. मी रोजच्या दिसण्यातला. मला कोण विचारतो!

चुना लावायचा असता तर प्रश्नच नव्हता. संपला की आणखी कालवायचा. पण आबांना डब्यातला पिवळा रंग हवा होता, आणि तो सांगलीला मिळायचा. तिथला दुकानदार म्हणे, भिंती किती हात ते सांगा, डबे मी काढून देतो. म्हणून मी भिंती मोजल्या, आपल्याकडं मोजतात तशाच, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. मी बाहेर येतो तोच हवालदार आत गेला आणि त्यानंही मोजल्या. त्याचा आकडा बराच कमी आला.

"गड्या, लय मोजलंस की," तो चारचौघांत म्हणाला. "पत्रकात चालतंय वाढवून लिवलेलं. भिंतीला न्हाई चालत."

लोक फिदीफिदी हसले. मी ओरडलो, "अरं, तुझा हात लांब हाय, माझा आखूड! भिंत तेवढीच हाय की. दुकानदार काय तुझा हात बघून डबे देणार हाय?"

"आखूड हाय म्हणून कबूल केलंस, बरं झालं."

आबांनी निकाल दिला, "भांडू नका रं. हवालदार म्हणतोय तेवढाच आणा. जास्तीचा काय उरावर घ्यायचाय?"

तोच सांगलीला गेला, तोच डबे घेऊन आला. तीन भिंती पिवळ्याधमक झाल्या आणि रंग संपला. चौथी भिंत तशीच, काकवीसकट. तिरंगा चढला त्या दिवसासारखा आनंद मला झाला, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी धावत जाऊन आबांना बोलावून आणलं.

आम्ही येतो तर हवालदार बादली घेऊन उभा. कोळसा वाटून भोपळ्याच्या पाल्याच्या रसात कालवलेला, आणि निम्मी भिंत काळी झालेली.

"आवं आबा, वर्गाला फळा नको व्हय? ही भिंत त्यासाठीच ठेवलीया."

ठेवलीया! धडधडीत खोटं! मी म्हणालो, "आबा, ह्याचं माप चुकलंय. रंग कमी पडला म्हणून हे सोंग."

आबा त्या काळ्या भिंतीकडं कौतुकानं बघत राहिले. "आसंल रं. पर तुझ्या मापानं आणला असता तर फळा कुठं झाला असता?"

वर्ग हवालदाराला मिळाला.

पहिल्याच दिवशी त्यानं खडू माझ्या हातात दिला. "अक्षर तुझं झ्याक हाय, गड्या. लिहायचं काम तू कर, बोलायचं मी बघतो." माझ्या अक्षरांकडं बघून समोरची माणसं म्हणाली, "हवालदार, फळा मातूर नामी केलास!"

अजूनही वर्ग तोच चालवतो आणि फळ्यावर मी लिहितो. अक्षरं मी एवढाली मोठी काढतो की त्यांच्यामागची काळी भिंत होईल तेवढी कमी दिसावी.