शांत प्रार्थनेच्या वेळी

प्रार्थनेच्या वेळी माझे डोळे मिटत नाहीत. लहानपणापासून नाहीत. मिटले की पायांच्या बोटांना मुंग्या येतात आणि बाहेर आपल्यावाचून काहीतरी घडून जाईल अशी धास्ती लागते. त्यामुळे रत्नागिरीच्या आमच्या लहानशा चर्चमधली माणसं प्रार्थना करताना कशी दिसतात, ते मला पाठ आहे. दवाखान्यातल्या नर्सबाई खालचा ओठ दातांत धरतात. मिशनचा सुतार ‘आमेन’ जवळ आलं की टोपी चाचपू लागतो. आई पदर इतका पुढे ओढते की तिचं काहीच दिसत नाही.

पपा आमच्या समोरासमोर, पुरुषांच्या बाजूला बसत. ते मिशनच्या शाळेत मास्तर. पाळकसाहेब खेड्यांतून फिरतीवर गेले, आणि पावसाळा सरला की ते हातखंब्याकडे नाहीतर त्याच्याही पलीकडे फिरतीवरच असत, म्हणजे रविवारची मोठी प्रार्थना पपा करत. लोक तिची वाट पाहत. कुणाचा ताप, कुणाचा बोटीवर नोकरीला गेलेला मुलगा, मिरकरवाड्याची वाऱ्यात भरकटलेली होडी, सगळं त्यात येई.

माझा धाकटा भाऊ विषमज्वराने गेला, त्याच्या पुढच्या रविवारीही पपा उभे राहिले. पण त्या दिवसापासून त्यांची प्रार्थना एकच झाली. शब्द तेच, थांबे तेच. कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण भाषा चांगली होती. उपासनेच्या शेवटी शांत प्रार्थना असते, ज्याची त्याने मनात करायची. तेव्हा पपा डोळे उघडे ठेवून वर कौलांकडे पाहत राहत. ओठ हलत नसत. कचेरीत दिवसभर बसून, आता आपलं नाव पुकारलं जाणार नाही हे कळलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा असे. घरी रात्रीच्या प्रार्थनेला ते आईला म्हणत, “आज तू कर.” असं रोजच म्हणत.

मी हे कुणाला सांगितलं नाही. मास्तरकी मिशनची, राहतं घर मिशनचं. आणि चोरून पाहिलेलं सांगायचं तरी कसं? पण ते माझ्या अंगात शिरून बसलं होतं. शाळेत लहान मुलींना बाराखडी शिकवताना मी खडूचे तुकडे करत राही.

हे एकोणीसशे तीसच्या आगेमागेचं. दिवाळीनंतर समुद्र निवळून आगबोटी सुरू झाल्या, तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजातून एक मिसबाई आल्या. उंच, गोऱ्या, पुस्तकी मराठी सावकाश बोलणाऱ्या. मॅट्रिक झालेल्या आम्हा चौघींना त्या मिशन बंगल्याच्या मागच्या ओटीवर शिकवणार होत्या आणि उन्हाळ्यात परतताना एकीला दोन वर्षांसाठी कॉलेजात नेणार होत्या. विषय ख्रिस्ती अध्यात्म. मला जायचंच होतं. बाराखडीतून सुटायचं होतं हे एक. दुसरं मी मनातही नीट म्हणत नसे: कौलांकडे पाहणाऱ्या माणसाचं काय झालेलं असतं, ते कुठेतरी लिहिलेलं असेल असं मला वाटत होतं.

आईला विषयाचं नाव ऐकून हसू आलं. “प्रार्थनेचा अभ्यास? मग भूक कशी लागते त्याचीही परीक्षा देऊन ये गो,” ती म्हणाली. शेजारच्या कारकुनांची बायको कुंपणापाशी विचारून गेली, अध्यात्म म्हातारपणी करतात ना, तुमच्यात आधीच उरकून टाकतात काय?

मिसबाई इंग्रजीतून शिकवत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की अध्यात्म म्हणजे आयुष्याच्या कोपऱ्यात ठेवलेली एखादी पवित्र वस्तू नव्हे. माणूस देवापुढे जसा जगतो ते सगळं त्यात येतं, त्याचा राग, त्याचं जेवण, त्याचा शेजार. आणि त्याचा अभ्यास करता येतो. जुन्या लोकांनी आपल्या प्रार्थनेविषयी काय लिहिलं ते वाचायचं, कोण कुठल्या काळात, कुठल्या घरात वाढला ते पाहायचं, एकाचं दुसऱ्याशी ताडून बघायचं. आपल्याला आवडतं म्हणून खरं धरायचं नाही, आवडत नाही म्हणून टाकायचं नाही. मला हे एकदम पटलं आणि लगेच भीती वाटली. मी लहानपणापासून बाकावर बसून जे करत आले, त्याला कुणी अभ्यास म्हणेल की चहाडी?

नाताळनंतरच्या एका धड्यात मिसबाईंनी कोरड्या काळाविषयी सांगितलं. प्रार्थनेत मुरलेल्या माणसांनाही कधी कधी देव अगदी नाहीसा होतो. शब्द उरतात, पलीकडे कुणी नसतं. ज्यांना आपण संत म्हणतो त्यांतल्या कितीतरी जणांनी हे लिहून ठेवलं आहे आणि त्याला पाप म्हटलेलं नाही. मी लिहायची थांबले. शेजारच्या मुलीने मला कोपराने ढोसलं.

पपा रोज संध्याकाळी ओसरीवर बसून मी काय शिकले ते मराठीत सांगायला लावत. इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून, असं ते म्हणत. त्या दिवशी मी धडा त्यांच्याकडे न बघता वाचू लागले. त्यांचे पाय तेवढे दिसत होते. मध्येच माझा धीर सुटला आणि मी आपल्या पदरचं घातलं: उन्हाळ्यात आपला डोंगरमाथ्यावरचा सडा कसा नुसता काळा कातळ असतो, पण पाऊस पडला की त्याच्यावर गवत येतं, तसं.

“हे त्यांनी सांगितलं?” पपांनी विचारलं.

“नाही.”

“मग गवत काढून टाक. सांगितलं तेवढंच वाच.”

मी वाचलं. रस्त्याने कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन बोलत, हसत चालल्या होत्या.

“किती काळ चालतं हे?” त्यांनी विचारलं.

“ते सांगितलं नाही, पपा.”

“विचार,” ते म्हणाले आणि दिवा लावायला उठले. दिवा रोज आई लावायची.

मी विचारलं. वर्गात धीर झाला नाही, म्हणून सगळ्या गेल्यावर ओटीच्या पायरीवर थांबून विचारलं. माझा आवाज भलताच निघाला असावा, कारण मिसबाईंनी हातातली पुस्तकं खाली ठेवली. नेम नाही, त्या म्हणाल्या. कुणाची काही वर्षं, कुणाचं सगळं आयुष्य. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो झटकावासा वाटला, कारण त्या हाताचा अर्थ मला कळला होता. प्रश्न माझा आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

पपांना उत्तर सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. “नेम नाही,” ते स्वतःशी म्हणाले. त्या रात्री त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

पुढचे दिवस मिसबाई माझ्याशी जपून वागत. इतर मुलींना प्रश्न विचारत, मला नाही. उन्ह तापू लागलं, आंबे उतरू लागले, पाऊस लागून बोटी बंद होण्याची गोष्ट निघू लागली. एका दुपारी त्यांनी मला एकटीला बोलावलं. अभ्यासात मी सगळ्यांच्या पुढे आहे, असं त्या म्हणाल्या. तरी यंदा त्या दुसरीला नेणार होत्या.

“ज्याला ताप आहे त्याने तापाचं पुस्तक वाचत बसू नये,” त्या म्हणाल्या. “आधी बरी हो. मग मी स्वतः येऊन तुला नेईन.”

प्रश्न माझा नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. पण मग कुणाचा? मी माझ्या घराखेरीज कुठे जाते? पपांचं नाव आपोआप निघालं असतं. बंगल्याच्या भिंतीवर एक पाल होती, मी तिच्याकडे पाहत राहिले. मग “बरं” म्हणून निघाले आणि घरी जायच्या ऐवजी समुद्राकडे चालू लागले, अर्ध्यातून परत फिरले, पुन्हा गेले.

घरी आल्यावर आईने चहा दिला. तिला माझ्या तोंडावरूनच कळलं होतं. कारण काय सांगितलं, असं तिने विचारलं. खोटं बोलायला मला काही सुचलं नाही.

“माझं मन सध्या कोरडं आहे म्हणतात.”

पपांचा कप ओठांशी थांबला. “तुझं?”

मी मान खाली घातली. कप अर्धा ठेवून ते उठले, खुंटीवरचा काळा कोट घातला, जो ते फक्त रविवारी घालत, आणि बंगल्याच्या रस्त्याला लागले. आई म्हणाली, आता मिसबाईंच्या पाया पडतील काय? मी विहिरीवर गेले. भरलेली घागर आणून ओतली, पुन्हा गेले. पिंप भरून वाहू लागलं तेव्हा आईने घागर हातातून काढून घेतली.

ते परतले तेव्हा त्यांनी पाय धुतले, कोट खुंटीला लावला. मला म्हणाले, “बाय, बंदरावर कुणाला तरी पाठव. आगबोट कधी आहे ते विचारून घे.”

मिसबाईंशी काय बोलले, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. मिसबाईंनीही नाही, आणि मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली. आम्ही दोघी त्याच बोटीने गेलो, मी आणि ती दुसरी मुलगी. एकीच्या जागी दोघी कशा, हे कुणी विचारलं नाही.

जायच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेब गावात नव्हते. मोठ्या प्रार्थनेची वेळ आली तसे सगळे पपांकडे पाहू लागले. ते बसूनच राहिले. शेवटी दुसरे मास्तर उठले, दोनदा अडखळले, कुणाच्या तरी तापाचं बोलले. पपांनी मोठी प्रार्थना सोडली ती तेव्हापासून. घसा धरतो, असं त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं, आणि आईने कितीतरी दिवस त्यांना ज्येष्ठमध चघळायला लावलं. तिला काय कळलं होतं, काय नाही, मला ठाऊक नाही.

मग शांत प्रार्थना आली. जायचं होतं म्हणून असेल, मी त्या दिवशी डोळे मिटायचं ठरवलं होतं. मिटलेही. मुंग्या आल्या, बाहेर वारा कौलांवरून जाताना ऐकू आला, आणि मला राहवेना. मी डोळे उघडले.

पपा कौलांकडे पाहत नव्हते. ओठ तसेच बंद होते. ते माझ्याकडे पाहत होते, मधली सगळी खाली गेलेली डोकी ओलांडून. मी किती वर्षं पाहत आलेय, ते त्यांना कळलं असावं. मी नजर वळवणार होते. त्यांनी वळवली नाही, म्हणून मीही वळवली नाही. सुतार टोपी चाचपू लागेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.