काठीवरचं दोन बोटं तेल
डिझेलचा वास आला की सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यातलं न्यू जर्सीच्या काकांचं तळघर आठवतं. तिथे घर गरम ठेवणाऱ्या, डिझेलसारख्याच वासाच्या हीटिंग ऑइलच्या टाकीचा काटा आठवडाभर अर्ध्यावरच होता. मी भीतभीत तसं म्हटल्यावर इंजिनियर काका हसले, "कॉन्व्हेंटात गेज वाचायला शिकवलं नाही वाटतं?" वरच्या मजल्यावर काकू बारा दिवसांची बाळंतीण. मी कपडे वाळत घालायची काठी टाकीच्या तोंडातून तळाला टेकवली, तर ती जेमतेम दोन बोटं भिजली. ती दाखवल्यावर काका म्हणाले, "काठीवर विश्वास ठेवू की इन्स्ट्रुमेंटवर?" दुसऱ्या दिवशी हीटर बंद पडला. काकू बाळाला दोन रजयांत घेऊन बसल्या आणि काका काट्यावर टिचक्या मारत राहिले. ऑइलवाला आल्यावर त्याला म्हणाले, "गेज खराब आहे, मला आधीच डाउट होता." काठीवरच्या तेलाचा वास माझ्या हातांना अजून येत होता. आजही कोणी त्यांच्या हुशारीचं कौतुक केलं की मला हात धुवावेसे वाटतात.