गोदाची सुई आणि दुपारचा पहारा

त्या वर्षी सप्त्याला जायचं माझ्या अजिबात मनात नव्हतं. पांडुरंगावर माझा राग होता, आणि मनात राग धरून त्याच्याच दारात टाळ कुटायचे हे ढोंग माझ्याच्यानं होत नव्हतं. पण पेडगावच्या आमच्या देवळात दर फाल्गुनात सप्ता बसतो. माझे वडील हयातभर तिथले वीणेकरी होते, आणि त्यांच्या माघारी दुपारचा एक पहारा आमच्या घराकडं आला. भावकीनं निरोप धाडला, "पहारा तुमचा हाय, तुमाला येणं भागच हाय." मग काय करता? रजा टाकली, बायको आणि लेक बरोबर घेतली आणि गाडीत बसलो.

मी पूर्णा स्टेशनात तारमास्तर होतो. निजामाचं राज्य, वर लढाईचे दिवस, तारेला क्षणाची उसंत नसायची. पण माझा खरा कारभार घरात होता. माझी एकुलती एक लेक गोदा. एकदा तिला तहान लागायला लागली ती अशी की माठ रिकामा व्हायचा. खाईल तेवढं अंगाला लागेना, फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. वैद्य झाले, अंगारे झाले, दर्ग्यातला दोरा झाला. शेवटी पास काढून हैदराबादेच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथले डॉक्टर म्हणाले, साखरेची बिमारी आहे, मधुमेह. रोज सकाळ-संध्याकाळ सुई द्यावी लागेल, आणि ती जन्मभर. एक दिवस चुकवून चालायचं नाही. आणि सुईनंतर खायला उशीर झाला तर साखर उतरून हातपाय गार पडतील, भोवळ येईल, तेव्हा लगेच काहीतरी गोड तोंडात घालायचं. गोदा तेव्हा माझ्या मांडीवर बसून डॉक्टरांच्या टेबलावरची घंटी वाजवत होती.

तेव्हापासून माझा दिवस तिच्या लघवीनं उजाडायचा. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, साखर किती ते कळायला त्यात थेंब सोडायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं ते निळं राहिलं की जीव भांड्यात पडायचा. हिरवं झालं की काळजी, आणि विटकरी झालं की त्या दिवशी मला अन्न गोड लागायचं नाही. मग पिचकारी उकळा, सुईचं टोक दगडावर घासा, औषध मोजून ओढा. भाकरी तराजूत तोला. औषधाच्या बाटल्या हैदराबादेहून ओळखीचा गार्ड ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा, त्या माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायच्या. लढाईमुळं बाटली मिळेल की नाही याचा भरवसा नसायचा, म्हणजे बाटली हातात येईपर्यंत आणखी एक घोर.

हे सगळं मी एकटा करायचो. सुरुवातीला गोदाच्या मायनं एकदा सुई हातात घेतली होती. तिचा हात थरथरला, सुई तिरपी गेली, रक्त आलं, पोर किंचाळली. मी सुई हिसकून घेतली आणि म्हणालो, "सोड, तुझ्यानं व्हायचं न्हाई." ती बाजूला झाली. त्यानंतर मी कुणालाच हात लावू दिला नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, बाप असावा तर असा! मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पण आतून मी वाळून चाललो होतो. बोटं तारेवर टकटक करायची आणि डोकं भाकरीच्या तुकड्यात असायचं. गोदा हसली तरी मला वाटायचं, ही अशी का हसते, साखर तर उतरली नाही? ती रुसली तरी तेच, झोपली तरी तेच. एका दुपारी मी फलाटावर उभा असताना मनात आपोआप एक प्रश्न आला: अजून किती वर्षं हे? आणि आपण काय विचारतोय हे दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं. हे संपायचं म्हणजे काय संपायचं? घरी येऊन देवापुढं उभा राहिलो, तर हात जोडले जाईनात. पांडुरंगा, एवढ्याशा पोरीला हे दिलंस, आणि मला हे असलं मन दिलंस! त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं.

अशा मनानं मी पेडगावला उतरलो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सप्ता बसला की देवापुढं वीणा उभी राहते, ती सात दिवस खाली टेकत नाही. एकानं गळ्यात घालायची, आपला पहारा होईस्तोवर उभ्यानं नाम घ्यायचं, मग पुढच्यानं येऊन पाया पडायचं आणि तिची दोरी आपल्या गळ्यात घ्यायची. नाम तुटता कामा नये, तार थांबता कामा नये. आमच्या गावात हे फार कडक पाळतात. वीणा टेकली तर गावाला बट्टा लागला, असं म्हणणारी माणसं अजून आहेत.

पहाऱ्याला उभं राहायच्या आधी मी गोदाच्या मायला बजावलं, "मी उतरल्याशिवाय तिला दुपारची भाकर द्यायची न्हाई. मी तोलून देतो. तुझा अंदाज नको." तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि फक्त "बरं" म्हणाली. माझ्यानंतर चुलतभाऊ बापूरावचा पहारा होता. तो आला की मी उतरणार, भाकर तोलणार, सगळं वेळेत होणार असा माझा चोख हिशोब होता.

बापूराव आलाच नाही. पंगत उठून देवळाच्या मागं भांडी वाजायला लागली, मंडपात जो तो सावली धरून आडवा झाला, आणि माझ्याजवळ एकटे टाळकरी गणूतात्या उरले. तात्यांच्या एका अंगावरून वारं गेलेलं, कानानंही कमी. एका हातानं टाळ मांडीवर आपटत ते डोळे मिटून बसले होते. ऊन रणरणत होतं. माझं नाम तोंडानं चाललं होतं आणि मनात बापूरावला शिव्या चालल्या होत्या.

आणि मला गोदा दिसली. मंडपाच्या खांबाला टेकून बसली होती. पोरींचा खेळ मोडला होता, बाकीच्या पांगल्या होत्या. तिचा चेहरा पांढरा पडला होता, वरच्या ओठावर घाम, आणि नजर माझ्यावर असून मला पाहत नव्हती. मी नाम मध्येच सोडून हाक मारली, "गोदा!" तिनं मान वळवली, पण मला ओळखलं नाही. मग तिची मान हळूहळू एका बाजूला कलली. मी ओरडलो, "आरं, कुणी हाय का रं? पोरीला बघा!" मागं भांड्यांचा आवाज एवढा की कुणाला ऐकू जाईना. तात्या आपले टाळ वाजवतच होते.

देव मोठा की लेक, असला विचार करायला मी थांबलो नाही. कुणी मला भक्त म्हणत असेल तर त्यानं हे ध्यानात घ्यावं. मी वीणेची दोरी गळ्यातून काढली आणि ती खाली सतरंजीवर ठेवायला वाकलो.

वीणा टेकली नाही. खालून दोन हात आले. काळे, राठ, भेगाळलेले हात. एक म्हातारा समोर उभा होता, आमच्या गावचा नव्हे, शेजारच्या झरी गावचाही नव्हे. गळ्यात माळ, पाय धुळीनं माखलेले, काखेत गाठोडं. त्यानं गाठोडं खाली सोडलं, वीणेला कपाळ लावलं, दोरी स्वतःच्या गळ्यात घातली आणि मी जिथं नाम सोडलं होतं तिथूनच उचललं. मधल्या श्वासाला एवढंच म्हणाला, "जा माउली, लेकराकडं जा."

मी धावलो. खांबापाशी पोचलो तर गोदाचं डोकं तिच्या मायच्या मांडीवर होतं. माय एका हातानं तिची हनुवटी धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं गालाच्या आतून गूळ चोळत होती. "गिळ, माझे बाय. गिळ. हां, असं." तिचा हात कापत नव्हता. जवळच झाकून ठेवलेली ताटली होती.

"गूळ कुठून आणला?" मी कसंबसं विचारलं.

तिनं पदराची सुटलेली गाठ दाखवली. "हैदराबादेहून आल्यापसून बांधून हिंडायलेय."

"मला कधी बोलली न्हाईस!"

"तुमी कुठं ऐकून घेताव? तुमी स्टेशनात असतानी तिला कोण बघत आसंल असं वाटलं तुमाला?" तिच्या आवाजात राग नव्हता. "मी म्हणलं बरं, तुमी म्हणता तर थांबू. पन डोळा काढला न्हाई तिच्यावरनं. तिकडं भिंतीआडच ताट घेऊन उभी होते."

हे ऐकून मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त हायसं वाटलं. इतकी वर्षं मी समजत होतो की पोरीच्या आणि मरणाच्या मध्ये मी एकटाच उभा आहे, आणि माझ्या पाठीशी ही बाई रोज पदराला गूळ बांधून न बोलता जागी होती! धन्य तिची. मी तिच्या जागी असतो तर रोज एकदा तरी ऐकवलं असतं.

थोड्या वेळात गोदाच्या डोळ्यांत ओळख आली. पहिला प्रश्न काय, तर "आण्णा, तुमची वीणा कुठंय?" मी मंडपाकडं बोट केलं. म्हातारा डोळे मिटून डुलत होता आणि तार वाजत होती. गोदानं भाकर खाल्ली. ती मायनंच मोडून दिली, मी तोलली नाही.

मी म्हाताऱ्याकडं गेलो आणि वीणा मागितली. त्यानं मानेनंच नको म्हटलं. पुष्कळ वेळानं बापूराव डोळे चोळत पळत आला, लिंबाखाली झोप लागली म्हणून स्वतःच्याच तोंडात मारून घेऊ लागला. त्याच्या गळ्यात वीणा गेल्यावर म्हातारा खाली बसला, तांब्याभर पाणी प्याला. मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. विचारलं, बाबा, कुठले, इकडं कसे?

"औंढ्याला निघालो होतो. नाम कानावर आलं, वळलो."

"तुमी नसता आला तर आज माझ्या हातनं वीणा टेकली असती."

तो मिशीत हसला. "वीणा उतरवायलाव दिसलं, हात म्होरं केला. एवढं काय त्यात? तुमी काय एकट्यानंच सात दिस धरणार होता व्हय?"

तो वीणेबद्दल बोलत होता. गोदाच्या बिमारीचं त्याला काही ठाऊक नव्हतं, सुईचं तर नाहीच. पण मी तिथंच लहान पोरासारखा रडायला लागलो. त्यानं पाठीवर हात फिरवला, गाठोडं उचललं आणि निघून गेला. नाव विचारायचं राहून गेलं. मी रेल्वेचा माणूस, खोड जात नाही. पुढं हिशोब लावून पाहिला. त्या वेळेला पेडगावला थांबणारी गाडी नव्हती, आणि औंढ्याची वाट आमच्या गावावरून जात नाही. गोदाची माय म्हणते, तो कोण होता ते तुम्हाला कळलं नाही का? मी वाद घालत नाही. चुकलेला वाटसरू असेल तर त्याला माझा नमस्कार, आणि ती म्हणते तो असेल तरी नमस्कारच.

संध्याकाळी मी पिचकारी उकळली, औषध ओढलं आणि सुई गोदाच्या मायपुढं धरली. "तू दे."

"थट्टा करायलाव काय?"

"न्हाई. पुढचा पहारा तुझा."

आता मात्र तिचा हात कापायला लागला. गोदाच तिला धीर देऊ लागली, "माय, भिऊ नको. डोळे उघडे ठिव आन् पटकन टोच." तिनं टोचली. गोदानं तोंड वाकडं केलं, मग आश्चर्यानं म्हणाली, "आण्णांपेक्षा कमी दुखलं की!" आता हे ऐकून मला मुळीच लागलं नाही असं म्हणालो तर पांडुरंग हसेल. पण मी बाहेर आलो आणि कितीतरी दिवसांनी देवापुढं हात जोडले. आपोआप जोडले गेले.

समर्पण म्हणजे सगळं देवावर टाकून आपण हात झाडायचे, असं मी समजत होतो, आणि ते मला कधी जमणार नव्हतं. सुई देवानं येऊन दिली नाही. ती आम्हालाच द्यावी लागते, आजही. नळी अजून कधी कधी विटकरी होते. फक्त ते ओझं माझ्या एकट्याच्या मालकीचं आहे ही जी माझी घमेंड होती, ती पांडुरंगानं त्या दुपारी माझ्या गळ्यातून काढून घेतली. जे हात पुढं येतात ते त्याचेच, एवढं मी शिकलो. त्यातले काही हात घरातच होते, हे शिकायला मला पेडगावपर्यंत यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. गोदा अंगणात खेळत होती. मी हाक मारली. ती धावत आली आणि समोर उभी राहून तिनं तळहात पुढं केला. हात गार पडलाय का ते बघायलाच आण्णा बोलावतात, हे तिला इतकं सवयीचं झालं होतं.

"हात कशाला?" मी म्हणालो. "सहज बोलवलं."

"सहज?" तिला ते खरं वाटेना. हात तसाच पुढं धरून ती थोडा वेळ उभी राहिली. मग माझ्याशेजारी पायरीवर बसली, माझ्या दंडाला टेकली आणि म्हणाली, "आण्णा, आसंच सहज बोलवत जावा की कधीमधी."

आत वीणा चालू होती. त्या दिवशी मी पांडुरंगाकडं काहीच मागितलं नाही.