फिरते अध्यक्ष

आमच्या युनियनचे अध्यक्ष मॅनेजरसाहेबांसमोर कधी खुर्चीवर बसले नाहीत. साहेब म्हणायचे, "अध्यक्ष, बसा." हे खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालतच उत्तर द्यायचे, "बसलं की माणूस माना डोलवाय लागतंय, सायेब. तुमी बसा की." मी युनियनचा सेक्रेटरी, शेजारच्या खुर्चीत मान इकडून तिकडे वळवून बेजार. कामगार त्यांना 'फिरते अध्यक्ष' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ते वाळूचे साचे भरायचे. पेठ वडगावहून शिफ्टच्या अर्धा तास आधी यायचे आणि कारखान्याच्या सगळ्या विभागांत फेरी मारायचे. कुणाचा हातमोजा फाटला, कुठला पंखा बंद पडला, सगळं बघायचे. कंत्राटी कामगारांकडेही तसेच जायचे. ते आपले सभासद नाहीत, असं आम्ही म्हणालो की पुढे चालता चालताच विचारायचे, "वाळू तीच, धग तीच, मग माणूस कसा येगळा रं?" आम्हाला हा प्रश्न नको असायचा.

करारात तोच आडवा आला. कंपनी आम्हा कायम कामगारांना चांगली पगारवाढ द्यायला तयार होती. अट एकच, कंत्राटी कामगारांना कायम करण्याची मागणी सोडायची. अध्यक्ष सही करेनात. बोलणी लांबत गेली. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं, घरी रोज विचारणा. शेवटी सभासदांनी गेटसभेत अध्यक्ष बदलायचा ठराव आणला.

"घाईनं भरलेल्या साच्यात भोक ऱ्हातंय, गड्यांनो," एवढंच ते म्हणाले. हात वर झाले. मोजायचं काम माझं होतं. मोजता मोजता मीही हात वर केला. ते माझ्याकडेच बघत होते. "मोजलास न्हवं? मग सांग की मोठ्यानं," म्हणाले. मी सांगितलं. सभासदांनी मलाच नवा अध्यक्ष केलं आणि त्या करारावर सही मीच केली.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी फेरी मारून मला विचारलं, "लग्नाची जेवणावळ कुठं धरलीस?" लग्नाला पहाटेच आले आणि पंगतीत दिवसभर वाढत फिरले. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मीच त्या ठरावाचा विषय काढला, तेव्हा म्हणाले, "तुजा हात बघितलता मी. लेकीचं लगीन हुतं, कळतंय मला. पर कंत्राटातल्या गड्यांस्नी बी लेकी हाईत की."

त्यानंतर दोन वर्षांत ते वारले. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. नव्या कराराचं मागणीपत्र उद्या द्यायचं आहे. कंत्राटी कामगारांची मागणी मी चारदा लिहिली, चारदा खोडली. आज पाचव्यांदा लिहिली, सगळ्यात वर, आणि खाली सही केली. सभासद मलाही काढतील बहुतेक. काढू देत.