धाकटीची मगर

धाकटी सून स्वभावाने इतकी गरीब, की दारावर आलेल्या विक्रेत्याला ‘नको’ म्हणायच्या ऐवजी दोन झाडू घेऊन बसायची. चित्रं मात्र बरी काढायची. बाहेरचं काम मिळालं ते आत्ता, पहिल्यांदाच. दातांच्या डॉक्टरांना मुलं बसतात त्या भिंतीवर चित्रकथा हवी होती: दात न घासणाऱ्या मगरीची फजिती. भिंतभर हाताने रंगवत बसायला वेळ नव्हता, म्हणून वर्णन लिहून द्यायचं आणि चित्रं एआयकडून करून घ्यायची, असं ठरलं.

तिने लॅपटॉप स्वयंपाकघरात मांडला, तिथेच चुकलं. तिथून घरातलं प्रत्येक माणूस जा-ये करतं.

“अगं, किती जाड ती! जरा रोड कर,” सासूबाई म्हणाल्या. धाकटीने लिहिलं, रोड मगर. पुढच्या चित्राला नवरा मागे उभा. “गॉगल घाल की. बावळट दिसतेय.” घातला. सासऱ्यांना ती उघडीबोडकी बघवेना, मग स्वेटर आला.

डॉक्टरांनी चित्रं ओळीने पाहिली. “बाई, मगर एकच आहे ना?”

“एकच आहे हो.”

“मग ही गॉगलवाली कोण, तिची नणंद? इथे तर मगरीचं अख्खं सासर आलंय! सोमवारपर्यंत एकसारखी करा, नाहीतर किडक्या दाढेचं जुनं पोस्टर लावतो.”

किडक्या दाढेपुढे हरायचं, हे तिच्या जिवाला लागलं. घरी येऊन तिने आधी कागदावर स्वतः मगर काढली. समोरून, बाजूने, पाठमोरी. जाडच. पोट पिवळं, गळ्यात लाल रुमाल, पुढचा एक दात तिरका. आता दर वेळी एआयला हाच कागद दाखवायचा, वर्णनाचे शब्द तेच ठेवायचे, आणि मगर काय करतेय तेवढंच बदलायचं.

सासूबाई आल्याच. “अजून जाडच? निदान रुमाल तरी निळा...”

“आई, ती माझी मगर आहे,” धाकटी म्हणाली आणि स्वतःच दचकली.

सासूबाईंनी बाहेर जाऊन सासऱ्यांना बजावलं, “आत जाऊ नका. आज ती चावतेय.”

सोमवारी पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत तीच पिवळ्या पोटाची बया होती. डॉक्टर खूश. “फक्त तो दात तेवढा सरळ करा. माझ्या दवाखान्यात बरं दिसत नाही हो.”

“दात तिरकाच राहील,” धाकटी म्हणाली. “तारा लावायच्या असतील तर तिला अपॉइंटमेंट द्या.”

 डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली, “शिडी आणा हो.”