तट्ट्यापलीकडची चौथी

हुशार मुलासाठी शाळा निवडताना नेमके काय पाहावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे टिपण लिहायला घेतले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या मुलीच्या निमित्ताने हा प्रश्न माझ्यापुढे आला. मी हिंगणघाटच्या एका हायस्कुलात गणित शिकवीत होतो. त्यामुळे उत्तर मला ठाऊकच असणार, असे घरात सर्वांनी गृहीत धरले होते. मीही.

आम्ही तेव्हा हिंगणघाटजवळच्या एका खेड्यात राहत होतो. तिथल्या शाळेला दोन खोल्या होत्या. एकीत मुलांना वाटायच्या तांदळाची पोती असत. दुसरीत पहिली ते चौथी हे चारही वर्ग बसत. प्रत्येक वर्गाचे तोंड वेगळ्या भिंतीकडे आणि गुरुजी मधोमध. मुलगी पहिलीत होती. एकदा गुरुजी बाजारात भेटले.

"सर, तुमच्या पोरीचं काही करा. मी चौथीले भागाकार विचारतो, अन् तिकडं तोंड करून बसलेली हे पोरगी उत्तर देते. चौथीचे पोट्टे आता पाटीच काढत नाई."

यावरून मुलगी असामान्य आहे आणि शाळा सामान्य आहे, असे दोन निष्कर्ष मी काढले. पहिला निष्कर्ष अजून कायम आहे.

"चांगली शिकून राह्यली ना पोरगी," पत्नी म्हणाली. "काऊन हलवता तिले?"

मी तिला शाळा निवडण्याची माझी पद्धत समजावून सांगितली. रजा काढून वर्ध्यातल्या शाळा पाहिल्या. ग्रंथालय, पटांगण, पाण्याची टाकी, शिक्षकांच्या पदव्या, सर्वांना गुण दिले. पहिल्या आलेल्या शाळेत प्रत्येक वर्गाला जाड भिंतींची स्वतंत्र खोली होती. बाहेरचा आवाज आत येत नाही, हे तिथल्या मुख्याध्यापकांनी दार लावून मला सिद्ध करून दाखवले. त्याचे मी जादा गुण दिले. मुलीला तिथे दुसरीत घातले, वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेत घर भाड्याने घेतले आणि मी हिंगणघाटला बसने जाऊ लागलो.

दिवाळीपर्यंत मुलगी बोलेनाशी झाली. घरी आल्यावर दप्तर ठेवून झोपत असे. बाईंना भेटलो, तर त्या म्हणाल्या, "फार शांत आहे. काही त्रास नाही." मी डोळे तपासून घेतले, कान तपासून घेतले, जंताचे औषध दिले. सर्व ठीक होते. एका सकाळी तिने शाळेत जाणार नाही असे सांगितले आणि ती दाराला धरून उभी राहिली.

"तुम्ही तपासलं सारं," पत्नी म्हणाली. "आता एकदा तिलेच विचारा."

हा मुद्दा माझ्या पद्धतीत नव्हता. विचारले.

"तिथं एकच वर्ग ऐकू येते," मुलगी म्हणाली. "दुसरीचं ऐकून झालं, बाबा, मंग काय ऐकू?"

मी पुन्हा रजा काढली. या वेळी वर्गात मागे बसून फक्त ऐकायचे ठरवले आणि मुलीला बरोबर घेतले. वर्ध्यालगतच बोरगाव मेघेत एक शाळा होती, तिला पूर्वी मी शेवटचा क्रमांक दिला होता. तिथे दुसरी आणि चौथी एकाच लांब खोलीत भरत. मध्ये बांबूचा तट्टा होता. पलीकडे चौथीत नद्यांची नावे चालू होती. आम्ही दुसरीच्या बाजूला बसलो. थोड्या वेळाने मुलगी तट्ट्याकडे सरकली.

"वैनगंगा राह्यली," ती तट्ट्याला म्हणाली.

शेजारी बसलेले तिथले मुख्याध्यापक ओशाळले.

"माफ करा, सर. पुढच्या वर्षी भिंत बांधतो."

"सावकाश बांधा," मी म्हणालो, आणि प्रवेशाचे विचारले.

भिंत पुढे बांधली गेली. तोवर मुलगी चौथीत पोहोचली होती, म्हणजे तिचे नुकसान काही नव्हते. भिंतीच्या समारंभाला पाहुणा म्हणून मला बोलावले. मी भिंतीच्या बाजूने बोललो, कारण पाहुण्याने तसेच बोलायचे असते. परतताना मुलीने विचारले, "मंग आता दुसरीच्या पोरायले काय ऐकू येईन?"

शाळा तिथे काय ऐकू येते त्यावरून निवडावी, असे आता माझे म्हणणे आहे. माझा पुरावा एकाच मुलीचा आहे, आणि तो पुरेसा नाही. म्हणून विनंती अशी की, शाळा निवडण्यापूर्वी तिथल्या एखाद्या वर्गात मागे बसावे, आपल्या मुलाला तिथून काय काय ऐकू येईल ते ऐकावे, आणि मी म्हणतो ते खरे की खोटे, हे स्वतः तपासून पाहावे.